एएस की एमआर? सिस्टोलमधल्या दोन मर्मरांचा घोळ

सिस्टोलमध्ये, म्हणजे जवनिका आकुंचन पावत असताना, मर्मर (रक्ताच्या खळबळीचा आवाज) ऐकू आला की परीक्षकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: एओर्टिक स्टेनोसिस (एएस: महाधमनीच्या तोंडाची झडप अरुंद) की मायट्रल रिगर्जिटेशन (एमआर: डाव्या कर्णिका-जवनिकेमधल्या झडपेची गळती)? बहुतेक विद्यार्थी जागेवरून उत्तर देतात. उरोस्थीच्या उजवीकडे, बरगड्यांमधल्या दुसऱ्या जागेत मोठा आणि मानेकडे जाणारा असेल तर एएस. एपेक्सला (हृदयाच्या खालच्या टोकाशी) मोठा आणि काखेकडे जाणारा असेल तर एमआर. हे नियम खोटे नाहीत, पण नेमके अवघड रुग्णात दगा देतात. जागेपेक्षा वेळ भरवशाची, आणि ती कळायला एका ठोक्यातले दाब डोळ्यांसमोर हवेत.

निरोगी हृदयाचे आकडे घ्या. डाव्या कर्णिकेत दाब ८ ते १० मिमी पारा, महाधमनीत डायस्टोलच्या (जवनिका सैल होऊन भरण्याच्या काळाच्या) शेवटी ८०. डावी जवनिका आकुंचन पावू लागते, तिचा दाब कर्णिकेच्या वर जातो आणि मायट्रल झडप मिटते. पहिला आवाज इथला. एओर्टिक झडप मात्र जवनिकेचा दाब ८० ओलांडल्याशिवाय उघडत नाही. मधले सुमारे ५० मिलिसेकंद दोन्ही झडपा बंद असतात आणि रक्त कुठेच जात नाही.

आता यात दोन्ही बिघाड बसवून पाहा. एमआरमध्ये झडप नीट मिटतच नाही, त्यामुळे जवनिकेचा दाब कर्णिकेपेक्षा जरा वर गेला की गळती सुरू. मर्मर पहिल्या आवाजाला चिकटूनच निघतो. एएसमध्ये अरुंद झडपेतून रक्त जायला आधी ती झडप उघडायला हवी, म्हणून पहिला आवाज स्वच्छ ऐकू येतो, क्षणभर शांतता, मग मर्मर. सिस्टोलच्या शेवटीही तोच हिशेब. जवनिकेचा दाब महाधमनीच्या खाली आला की एओर्टिक झडप मिटते (दुसरा आवाज इथला), पण त्या क्षणी जवनिकेत अजून ९०-१०० मिमी दाब असतो आणि कर्णिकेत जेमतेम १५-२०. त्यामुळे एएसचा मर्मर दुसऱ्या आवाजाआधी संपतो, एमआरचा त्या आवाजाला गिळून किंचित पुढे जातो.

आकारही इथूनच येतो. एएसमध्ये जवनिका आणि महाधमनी यांच्यातला फरक चढतो आणि उतरतो, म्हणून आवाज खरखरीत आणि चढउताराचा. एमआरमध्ये हा फरक सिस्टोलभर शंभराच्या आसपास, म्हणून एकसुरी फुंकरीसारखा.

जागेचा नियम दोन ठिकाणी हमखास फसतो. वयस्कर माणसाच्या कॅल्शियम साचलेल्या एओर्टिक झडपेचा खरखरीत भाग वर ऐकू येतो, पण त्यातला उंच पट्टीचा, काहीसा सुरेल भाग एपेक्सला पोचतो. याला गॅलाव्हार्डिन परिणाम म्हणतात. एकाच झडपेचे दोन आवाज ऐकून विद्यार्थी ‘एएस अधिक एमआर’ लिहून मोकळा होतो. उलट प्रकार मायट्रलच्या मागच्या पाकळीचा. ती सैल होऊन कर्णिकेत उलटली की गळतीचा झोत पुढच्या बाजूला, महाधमनीच्या मुळाकडे आपटतो आणि मर्मर थेट एओर्टिक भागात, कधी मानेपर्यंत जातो. पुढची पाकळी बिघडली तर झोत मागे वळतो आणि आवाज काखेत, पाठीत ऐकू येतो.

अशा वेळी सगळ्यात कामाची युक्ती फुकट मिळते, फक्त थांबून ऐकायला हवे. रुग्णाला एट्रियल फिब्रिलेशन (कर्णिकांची थरथर, त्यामुळे ठोके अनियमित) असेल किंवा अधूनमधून जादा ठोका पडत असेल, तर लांब खंडानंतरचा पहिला ठोका पकडा. त्या खंडात जवनिका जास्त भरते, पुढचे आकुंचन जोरदार होते आणि महाधमनीतला दाबही तोवर खाली आलेला असतो. एएसमध्ये हे सगळे अरुंद झडपेतूनच जाणार, म्हणून मर्मर ठळकपणे मोठा होतो. एमआरमध्ये वाढलेले रक्त मोकळ्या, कमी दाबाच्या महाधमनीत निघून जाते. गळती जवळजवळ तेवढीच राहते आणि आवाजही.

नाडी नियमित असेल तर रुग्णाला २०-३० सेकंद मूठ घट्ट आवळायला सांगा, श्वास न रोखता. धमन्यांचा अवरोध वाढतो, रक्ताला मागे जाणे सोपे पडते आणि एमआरचा मर्मर वाढतो; एएसचा तसाच राहतो किंवा कमी होतो. श्वास रोखून कुंथायला लावल्यावर किंवा उठून उभे केल्यावर मर्मर वाढला तर दोन्ही उत्तरे बाजूला ठेवा आणि हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचा (हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराचा) विचार करा. सैल मायट्रल झडपेचा क्लिकही (सिस्टोलमधला टिचकीसारखा आवाज) उभे राहिल्यावर पहिल्या आवाजाकडे सरकतो आणि मर्मर लांबतो, हे लक्षात असू द्या.

मर्मर जितका मोठा तितका आजार मोठा, हा समज दोन्हीकडे महागात पडतो. एएसमध्ये पाहायचे ते वेगळेच: आवाजाचे शिखर सिस्टोलमध्ये किती उशिरा येते, दुसऱ्या आवाजाचा एओर्टिक भाग क्षीण झाला आहे का, कॅरोटिडची (मानेतल्या धमनीची) नाडी हळू चढते का. (वृद्धांच्या धमन्या ताठ असतात, तिथे नाडी चांगली लागते म्हणून निश्चिंत होऊ नका.) जवनिका थकली की झडपेतून रक्तच कमी जाते आणि तीव्र एएसचा मर्मर मवाळ होतो. एमआरमध्ये तीव्रतेची खूण म्हणजे बाहेर, खाली सरकलेला एपेक्स आणि तिसरा आवाज (डायस्टोलच्या सुरुवातीचा जादा आवाज).

सगळ्यात फसवा असतो अचानक झालेला एमआर. हृदयाच्या खालच्या भागाच्या झटक्यानंतर, बहुधा पहिल्या आठवड्यात, मागच्या-आतल्या बाजूचा पॅपिलरी स्नायू तुटतो. त्याला बहुधा एकाच धमनीचा पुरवठा असल्याने तो आधी जातो. कर्णिका लहान आणि ताठ, तिला फुगायची सवय नाही. तिचा दाब झपाट्याने जवनिकेच्या जवळ पोचतो, फरक उरत नाही, म्हणून मर्मर आखूड, मंद किंवा चक्क गायब. रुग्णाच्या फुप्फुसात पाणी, रक्तदाब कोसळलेला आणि स्टेथोस्कोपखाली जवळपास काही नाही: अशा वेळी ‘मर्मर नाही’ म्हणून एमआर खोडून टाकणे ही घोडचूक.

जवनिकेची प्रतिक्रिया दोन्हींत अगदी वेगळी. एएसमध्ये ओझे दाबाचे. भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. दाब २०० झाला तर ताण आटोक्यात ठेवायला जाडी वाढवणे हाच मार्ग. पोकळी तेवढीच, भिंत जाड. त्याची किंमत म्हणजे ताठपणा आणि आतल्या थराची उपासमार, म्हणून कोरोनरी धमन्या स्वच्छ असूनही श्रमाने छातीत दुखते. एमआरमध्ये ओझे रक्ताच्या प्रमाणाचे, तिथे पोकळीच मोठी होते.

इथे इजेक्शन फ्रॅक्शनचा (ईएफ: भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर पडणारा टक्का) सापळा आहे. समजा एमआरच्या रुग्णात जवनिका भरल्यावर १८० मिलि आणि आकुंचनानंतर ७० मिलि रक्त आहे. बाहेर पडले ११०, म्हणजे ईएफ ६१ टक्के, अहवालात ‘नॉर्मल’. पण त्यातले ६० मिलि कर्णिकेत परत गेले, शरीराला मिळाले फक्त ५०. कमी दाबाच्या कर्णिकेत रक्त ढकलणे सोपे असल्याने थकलेल्या स्नायूचाही ईएफ चांगला दिसतो. म्हणूनच झडपेच्या मूळ दोषाने झालेल्या तीव्र एमआरमध्ये लक्षणे नसली तरी ईएफ ६० किंवा कमी, अथवा सिस्टोलअखेर जवनिकेचा व्यास ४० मिमी किंवा जास्त झाला की शस्त्रक्रियेची वेळ आली असे धरतात. एएसमध्ये हीच रेषा ५० टक्क्यांच्या खाली आहे. मात्र तिथे बहुतेक वेळा निर्णय लक्षणे करतात: श्रमाने छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, धाप लागणे.

इकोवरचे (हृदयाच्या सोनोग्राफीवरचे) आकडे पाठ हवेतच. तीव्र एएस: झोताचा वेग ४ मीटर प्रति सेकंद किंवा जास्त, सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक) ४० मिमी किंवा जास्त, झडपेचे क्षेत्रफळ १ चौरस सेंमी किंवा कमी (निरोगी ३ ते ४). तीव्र एमआर: दर ठोक्याला ६० मिलि किंवा जास्त गळती, गळतीचे प्रमाण निम्मे किंवा जास्त, छिद्राचे क्षेत्रफळ ०.४ चौरस सेंमी किंवा जास्त. एएसच्या क्षेत्रफळात सर्वाधिक चुका जवनिकेच्या बाहेर पडायच्या मार्गाचा व्यास मोजताना होतात, कारण हिशेबात त्याचा वर्ग होतो. २ सेंमीऐवजी १.८ मोजला तर त्या मार्गाचे क्षेत्रफळ ३.१४ वरून २.५४ वर येते आणि ०.७ ची झडप ०.५७ ची दिसते.

कानाला होतो तोच घोळ डॉप्लरलाही (इकोतल्या रक्ताचा वेग मोजण्याच्या पद्धतीलाही) होतो. एपेक्सवरून पाहताना दोन्ही झोत प्रोबपासून दूर जातात, दोन्ही आलेख रेषेखाली. एमआरचा झोत चुकून एएस म्हणून मोजला गेला तर वेग ५ मीटर येतो, चार गुणिले वेगाचा वर्ग केला की १०० मिमी, आणि धडधाकट झडपेवर ‘अतितीव्र स्टेनोसिस’चा शिक्का बसतो. ओळखायचे पुन्हा वेळेवरून: एमआरचा आलेख रुंद, ईसीजीतल्या क्यूआरएसला (जवनिकेच्या विद्युत लहरीला) लगटून सुरू होणारा, एएसचा थोडा उशिरा सुरू होऊन आधी संपणारा.

उपचारात दोघांची वाट उलटी. तीव्र गळतीत रक्तदाब पेलवत असेल तर नायट्रोप्रुसाइडने धमन्यांचा अवरोध उतरवतात, रक्त पुढे जाते. नाडी मंद झाली तर गळतीला जास्त वेळ मिळतो. एएसमध्ये वेगवान नाडी वाईट, आणि फिब्रिलेशन सुरू झाले तर ताठ जवनिकेला कर्णिकेचा शेवटचा धक्का न मिळाल्याने रुग्ण तासाभरात ढासळू शकतो. त्याला धाप लागली म्हणून सढळ हाताने नायट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारे औषध) दिले तर भरण कमी होते, रक्तदाब पडतो आणि कोरोनरींत रक्त शिरायला दाबच उरत नाही.

दोन्ही आजार एकत्र असले तर एक दुसऱ्याला झाकतो: गळतीमुळे पुढे जाणारे रक्त कमी, म्हणून एएसचा ग्रेडियंट आहे त्यापेक्षा कमी दिसतो. अशा वेळी एमआरचा झोतच साक्षीदार होतो. दंडावरचा सिस्टोलिक दाब १२० आणि एमआरचा वेग ६.७ मीटर असेल, तर जवनिका व कर्णिका यांच्यातला फरक सुमारे १८०. कर्णिकेचे २० धरले तर जवनिकेत २००. मधले ८० मिमी कुठेतरी अडले आहेत. एओर्टिक झोताचा वेग जेमतेम ३ आला असेल, तर झडपेखालचा अडथळा तपासा आणि मग प्रोबचा कोन बदलून, उरोस्थीच्या उजव्या कडेवरून पुन्हा मोजा.