२१ गिअर म्हणजे घाट सोपा?

स्वस्तातली टुरिंग सायकल घेताना ‘२१ गिअर आहेत ना, मग घाट चढेलच’ हे हमखास ऐकवलं जातं. तसं काही नाही. गिअर नव्हे, दाते मोजा. पुढची, म्हणजे पेडलजवळची, सर्वांत लहान चकती २८ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठीही २८ची असेल, तर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.१ मीटर सरकते. मागे ३४ दाते असतील तर १.७. सामान लादून आंबेनळी घाट चढताना हा फरक गुडघ्यांना बरोबर कळतो.

मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून मिळतं. पण डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३४ दाते पेलणारा हवा, चेनही लांब लागते. जुनीच ठेवली, तर दोन्ही मोठ्या चकत्यांवर ती ताणली जाऊन डिरेलर वाकतो. उरलेले पैसे ३६ स्पोकच्या मागच्या चाकावर घाला; ओझ्याने आधी तिथलेच स्पोक तुटतात.