विहिरीच्या पाण्यात कंपनीचं केमिकल आहे का? तपासणीचा अर्ज कसा करायचा

कोकणात लोटे, महाड, रोहा, तारापूर या पट्ट्यात ज्यांची घरं एमआयडीसीच्या खालच्या अंगाला आहेत त्यांना वेगळं सांगायला नको, सकाळी कळशी भरली की कधी पाण्याला औषधासारखा वास, कधी वर तेलकट तवंग, आणि तक्रार कुठे करायची हे वाडीत कोणालाच धड माहीत नसतं. म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, अर्जात नुसतं "पाणी तपासून मिळावं" असं लिहू नका. आम्ही तेच केलं होतं. आमची विहीर पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या कडेलाच, पऱ्या वरून कंपन्यांच्या बाजूने येतो. रिपोर्ट आला, खाली शेरा "पिण्यास योग्य", घरात सगळ्यांना हायसं वाटलं. रात्री तो कागद नीट वाचला तर पीएच, गढूळपणा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), कठीणपणा, क्लोराईड, लोह, नायट्रेट, फ्लोराईड, संपलं. फिनॉल नाही, क्रोमियम नाही, शिसं नाही, पारा नाही. ज्याची भीती होती ते कोणी तपासलंच नव्हतं, कारण आम्ही मागितलंच नव्हतं. तेव्हा अर्जात नावं लिहा: शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा, निकेल, आर्सेनिक, सायनाईड, फिनॉल, खनिज तेल, कीटकनाशकं. विहिरीच्या वरच्या अंगाला कोणत्या प्रकारच्या कंपन्या आहेत तेही लिहा, रंगाच्या, औषधांच्या की प्लेटिंगच्या (धातूला मुलामा देणाऱ्या), म्हणजे काय शोधायचं ते लॅबवाल्यांना कळतं.

अर्ज कोण करू शकतं? कोणीही. स्वतःची खाजगी विहीर किंवा बोअर असली तरी चालतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्हा प्रयोगशाळा जिल्ह्याच्या गावी असते, रत्नागिरीवाल्यांना रत्नागिरी, रायगडवाल्यांना अलिबाग, सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस. साधा अर्ज, आधारची झेरॉक्स, मोबाईल नंबर, विहिरीचा पत्ता आणि सर्व्हे नंबर, फी भरल्याची पावती, एवढं बरोबर ठेवा. विहीर सार्वजनिक असेल तर खिशातून पैसे घालू नका, ग्रामपंचायतीला लेखी द्या, जलसुरक्षक (गावातल्या पाण्याचं बघणारा ग्रामपंचायतीचा माणूस) नमुना नेतो. सार्वजनिक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जिवाणूंची दोनदा व्हायची असते, त्यामुळे मागच्या वर्षीचा रिपोर्ट ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी मागा. गावातल्या किटने जी तपासणी होते ती उपयोगाची आहे पण त्यात शिसं, पारा, फिनॉल दिसत नाही.

लॅबला जायच्या आधी फोन करून विचारा, यातलं तुमच्याकडे काय काय होतं. नसेल होत तर एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची खाजगी लॅब गाठा, पण नुसत्या बोर्डावर जाऊ नका, त्यांच्या मान्यतेच्या यादीत "पिण्याचं पाणी" याखाली तुमचं केमिकल आहे का ते एनएबीएलच्या साईटवर बघा, मान्यता एकेका तपासणीला वेगळी असते.

आता नमुना, इथेच बहुतेकांचं चुकतं. कोल्ड्रिंकची जुनी बाटली अजिबात नको. बाटल्या लॅबकडूनच घ्या, कारण धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड घालावं लागतं, फिनॉल आणि तेलासाठी काचेची बाटली लागते, आणि जिवाणूंसाठी निर्जंतुक केलेली वेगळीच. ज्या बाटलीत लॅबने आधीच काही घातलंय ती, आणि जिवाणूंची व तेलाची बाटलीही विसळायची नाही, बाकी साधी असेल तर त्याच पाण्याने तीनदा विसळा. बोअर असेल तर पाच-दहा मिनिटं पाणी वाहू द्या, विहीर असेल तर वरवरचं घेऊ नका. तारीख, वेळ, जागा बाटलीवर लिहा, फोटो काढा, बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोचवा. आणि वास येतो त्याच दिवशीचं पाणी भरा, आठ दिवसांनी भरून काय उपयोग.

रिपोर्ट आला की आयएस १०५०० शी, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी, ताडून बघा. एका लिटरला शिसं ०.०१ मिलिग्रॅम, पारा ०.००१, कॅडमियम ०.००३, क्रोमियम ०.०५, फिनॉल ०.००१. हे आकडे इतके बारीक आहेत की फिल्टरवाल्याच्या टीडीएस मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्याकडे जांभ्याच्या विहिरींचा टीडीएस तसाही कमीच असतो, मीटरने ६० दाखवलं म्हणून पाणी चांगलं असं समजू नका. उकळूनही धातू जात नाहीत, पाणी आटतं आणि ते उलट जास्त दाट होतात.

मर्यादा ओलांडली असेल तर रिपोर्ट जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार द्या, लोट्याला चिपळूणचं उपप्रादेशिक कार्यालय आहे, महाडला महाडचं. तक्रारीत १९७४ च्या जल कायद्याचं कलम २४ लिहा, विहिरीत किंवा प्रवाहात विषारी पदार्थ सोडायला त्यानेच बंदी आहे. आपला रिपोर्ट तक्रारीला पुरतो, पण कंपनीवर केस उभी राहायची तर मंडळाने कलम २१ प्रमाणे नोटीस देऊन घेतलेला नमुना लागतो, म्हणून "कंपनीच्या आउटलेटचा नमुना घ्यावा" ही मागणी वेगळी लिहा. शिवाय दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मंडळाकडे माहिती अधिकारात सामायिक सांडपाणी केंद्राचे (जिथे सगळ्या कंपन्यांचं सांडपाणी एकत्र साफ होतं) वर्षभराचे रिपोर्ट मागा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

प्रत्येक कागदाची पोच शिक्क्यासकट घ्या, आणि निकाल लागेपर्यंत प्यायला आणि स्वयंपाकाला दुसरीकडचं पाणी द्यावं म्हणून ग्रामपंचायतीला त्याच दिवशी वेगळा अर्ज टाका, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तसं त्यात लिहा.