स्पाड १३ आणि गिअरचा निर्णय

पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच दुपंखी लढाऊ विमानांचा विषय निघाला की गाडी स्पाड १३ पाशी येऊन थांबते. सुमारे साडेआठ हजार विमाने बांधली गेली आणि युद्ध संपताना फ्रेंच लढाऊ तुकड्यांचा कणा तीच होती. हे खरेच आहे. पण १९१८ च्या सुरुवातीला यातली बरीच विमाने इंजिन उघडून हँगरमध्ये पडून होती. त्याचे मूळ वर्षभर आधी इंजिन आणि प्रोपेलर यांच्यामध्ये गिअर घालण्याच्या निर्णयात आहे.

त्याआधीचे थोडक्यात. १९१५ मध्ये समोर गोळ्या झाडायच्या कशा, इथूनच चाचपडणे सुरू होते. स्पाड ए-२ मध्ये तर नेमबाजाला प्रोपेलरच्या पुढे टांगलेल्या कोशात बसवले होते. विमान उतरताना नाकावर पडले तर त्याचे काय होणार, हे वेगळे सांगायला नको. जानेवारी १९१६ पासून आघाडीवर आलेल्या निउपोर ११ मध्ये मशीनगन वरच्या पंखावर चढवली; गोळ्या प्रोपेलरच्या फेऱ्यावरून जात. ८० अश्वशक्तीचे इंजिन, जेमतेम १३ चौरस मीटर पंख, आणि फ्रान्समधल्या व्हर्दँच्या लढाईत जर्मन एकपंखी फोकरांना भारी पडेल अशी चपळाई. खालचा पंख मुद्दाम अरुंद ठेवून एकाच वाशावर तोललेला, त्यामुळे वैमानिकाला खालचे छान दिसे. मात्र वेगात सूर मारला की हाच पंख पिळवटायचा. जर्मनांनी ही मांडणी उचलली आणि जानेवारी १९१७ मध्ये त्यांच्या अल्बाट्रॉस डी-३ चे खालचे पंख हवेतच तडकू लागले.

१९१६ च्या शरद ऋतूत आलेले स्पाड ७ अगदी वेगळ्या जातीचे. त्याचे इंजिन बार्सिलोनात एका स्विस अभियंत्याने आखले होते: अॅल्युमिनियमच्या ओतीव ठोकळ्यांत बसवलेले आठ सिलिंडर, पाण्याने थंड होणारे, १५० अश्वशक्तीचे. निउपोरसारखे गर्रकन वळणे त्याला जमत नसे, पण कितीही उंचीवरून सूर मारला तरी पंखांची भीती नव्हती. सुरुवातीला उन्हाळ्यात इंजिन तापे आणि हिवाळ्यात गरमच होत नसे. हे दोष निस्तरले, आणि १८० अश्वशक्तीपर्यंत वाढवलेले इंजिन भरवशाचे निघाले.

मग हे इंजिन का बदलले? एकाऐवजी दोन मशीनगन हव्या होत्या. त्यासाठी विमान मोठे, म्हणजे शक्ती जास्त. तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून २०० अश्वशक्ती काढायची तर ते मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेरे फिरवावे लागे, आणि त्या वेगाला लाकडी प्रोपेलरचे काम धड होत नाही. उपाय म्हणजे मध्ये दातेरी चाकांची जोडी घालून प्रोपेलरचा वेग कमी करणे. कागदावर चोख. प्रोपेलर आता उलट्या दिशेने फिरू लागला, म्हणून स्पाड ७ वरून आलेल्या वैमानिकाला विमानाचा ओढा विरुद्ध बाजूला जाणवायचा. पण त्याची सवय होते.

गिअरच्या तुटक्या दातांची होत नाही. इंजिने एका कारखान्यात नव्हे, अनेक ठेकेदारांकडे बनत होती आणि काहींकडे दातेरी चाकांच्या पोलादाला नीट पाणीच दिले जात नव्हते. मऊ राहिलेले दात झिजत, तुटत. तेल पुरवण्याच्या तक्रारी वेगळ्याच. एप्रिल १९१७ मध्ये पहिले उड्डाण केलेले विमान त्याच वर्षी आघाडीवर धाडले गेले. गिअर पारखायला वेळ कोणी दिला नाही. निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की थांबणे परवडणारे नव्हते, आणि १९१८ च्या उत्तरार्धात २२० अश्वशक्तीचे सुधारलेले इंजिन घेऊन याच विमानाने वर्चस्व मिळवले. यात तथ्य आहे. पण मधले महिने जुन्या स्पाड ७ नेच निभावून नेले, हे ते सांगत नाहीत. ब्रिटिशांच्या एसई-५ए या लढाऊ विमानातही गिअरचे हेच इंजिन होते. त्यांनी तर नाइलाजाने सदोष चाकांची इंजिनेही स्वीकारली, आणि शेवटी त्यावरूनच बेतलेले बिनगिअरचे, जास्त दाबावर चालणारे वायपर इंजिन बसवून सुटका करून घेतली. ती वाट फ्रान्सलाही मोकळी होती.

जुलै १९१८ पासून अमेरिकी तुकड्यांना निउपोर २८ च्या जागी स्पाड १३ मिळाली. सूर मारताना वरच्या पंखाचे कापड फाटण्याच्या धास्तीतून वैमानिक सुटले, पण मेकॅनिकांचे काम वाढले.

युद्धानंतर १९२२ च्या सुमारास फ्रेंच तुकड्यांत स्पाड १३ ची जागा निउपोर-दलाज २९ घेऊ लागले. त्याचे ३०० अश्वशक्तीचे इंजिन त्याच घराण्यातले, पण प्रोपेलर थेट इंजिनच्या फिरत्या दांड्यावर (क्रँकशाफ्टवर) बसवलेला, मध्ये गिअर नाही.