स्वादुपिंडाचा दाह: रिपोर्टमधला आकडा आणि पहिले ४८ तास

“डॉक्टर, लायपेज दोन हजारांच्या वर गेलंय. म्हणजे केस फारच सीरियस आहे ना?” स्वादुपिंडाला सूज आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांकडून हा प्रश्न हटकून येतो. परळच्या मोठ्या रुग्णालयात असो की बोरिवलीच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये, रिपोर्टचा फोटो तोपर्यंत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेला असतो आणि आकडा पाहूनच सगळ्यांचे पाय गळालेले असतात. पण त्या आकड्यावरून आजार किती गंभीर आहे, हे कळत नाही. रक्तातले लायपेज किंवा अमायलेज (स्वादुपिंडात तयार होणारी विकरे, म्हणजे एन्झाइम) नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल, तर आजार ओळखायला मदत होते, तेवढेच. दोन हजार आकडा असलेला रुग्ण पाचव्या दिवशी घरी जातो आणि पाचशे आकडा असलेला आयसीयूत पोहोचतो, असे अनेकदा होते. एकदा निदान पक्के झाले की ही तपासणी रोज करून घेण्यात काही हशील नाही. तिचे पैसे वाचवावेत, पुढे लागतात.

मग गांभीर्य कशावरून ठरते? त्यासाठी आत काय घडते ते आधी पाहू.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे असते. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. रोज लिटरभराहून जास्त पाचकरस ते तयार करते. यातली प्रथिने पचवणारी विकरे अतिशय जहाल असतात, म्हणून ती निष्क्रिय रूपात तयार होतात आणि लहान आतड्यात पोहोचल्यावरच कामाला लागतात. काही कारणाने ती स्वादुपिंडातच जागी झाली, तर ती त्या अवयवालाच पचवू लागतात. आजूबाजूची चरबीही त्यांच्या तडाख्यात सापडते. बहुतेक रुग्णांत मूळ कारण दोनपैकी एक असते: पित्ताशयातून घरंगळून खाली, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस आतड्यात येतो त्या नळीच्या तोंडाशी अडकलेला खडा, नाहीतर दारू. तिसरे कारण मधुमेहींनी तरी लक्षात ठेवावे असे आहे. रक्तातले ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) डेसिलिटरमागे १००० मिलिग्रॅमच्या वर गेले, तरी हा दाह होऊ शकतो. अशा रुग्णाच्या रक्ताची नळी थोडा वेळ उभी ठेवली, तर वरचा द्रव दुधट दिसतो आणि कधी कधी त्यावर सायीसारखा थर धरतो. तो पाहिला की लॅबमधला तंत्रज्ञ रिपोर्ट तयार होण्याआधीच वॉर्डात फोन करतो.

दुखणे पोटाच्या वरच्या भागात सुरू होते आणि आरपार पाठीत जाते. आडवे पडवत नाही, पुढे वाकून बसले तर जरा बरे वाटते. उलट्या थांबत नाहीत. मुंबईत यावर पहिला उपाय असतो स्टेशनबाहेरच्या केमिस्टकडची ॲसिडिटीची गोळी, मग सोडा, मग “गॅस झालाय, झोपलास की उतरेल.” यात रात्र निघून जाते. माझे स्पष्ट मत आहे की गोळी घेऊनही दोन-तीन तासांत न हटणारे असे दुखणे घरी अंगावर काढू नये. ईसीजी, रक्ततपासणी आणि सोनोग्राफी रात्रीही होईल अशा ठिकाणी जावे. कारण ईसीजी काढल्यावर कधी कधी तो हृदयविकाराचा झटका निघतो.

आता गांभीर्याकडे येऊ. १९९२ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात तज्ज्ञांनी एकत्र बसून या आजाराची वर्गवारी केली आणि २०१२ मध्ये ती सुधारली. आज जगभर तीच वापरतात. तिचा गाभा असा: फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि रक्ताभिसरण या तिघांपैकी कशावर परिणाम झाला आहे का, आणि झाला असेल तर तो ४८ तासांत निवळला का? काहीच परिणाम नाही, पोटात गुंतागुंत नाही, तर आजार सौम्य. परिणाम झाला पण ४८ तासांच्या आत सावरला, किंवा स्वादुपिंडाभोवती पाणी साठले वा ऊती मेल्या, तर मध्यम गंभीर. अवयव ४८ तासांनंतरही सावरला नाही, तर गंभीर.

या तीन पायऱ्यांमधले अंतर फार मोठे आहे. साधारण ८० टक्के रुग्ण सौम्य गटात असतात, आठवडाभरात घरी जातात आणि त्यांच्यात मृत्यू क्वचितच होतो. अवयव निकामीच राहिलेल्या गटात मात्र दर शंभरांत २० ते ४० रुग्ण दगावतात. म्हणून पहिल्या रात्री डॉक्टर म्हणतात, “आत्ताच काही सांगता येणार नाही, दोन दिवस जाऊ द्या,” तेव्हा ते टाळाटाळ करत नसतात. त्या क्षणी खरे उत्तर तेवढेच असते. न्यूयॉर्कचे सर्जन जॉन रॅन्सन यांनी १९७४ मध्ये अंदाजासाठी ११ निकष मांडले, त्यांतलेही सहा ४८ तास उलटल्यावरच भरता येतात. पुढे वय, रुग्ण नीट शुद्धीवर आहे का, रक्तातला युरिया अशा पाच गोष्टींवरून पहिल्याच दिवशी अंदाज बांधणारी बिसॅप ही सोपी पद्धत आली. अचूक भाकीत यांपैकी एकीलाही जमत नाही.

त्यामुळे मशीनइतकेच डोळे उघडे ठेवावे लागतात. खाटेच्या कडेला लटकलेली लघवीची पिशवी पाहा. साठ किलो वजनाच्या माणसाला तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. सिस्टर दर तासाला तो आकडा चार्टवर लिहिते. लायपेजपेक्षा मी त्या रकान्याकडे आधी पाहतो. श्वास मिनिटाला वीसच्या वर, नाडी नव्वदच्या वर आणि दोन्ही तसेच टिकून राहिले, तर काळजी वाढते. पहिल्या दिवशी सीटी स्कॅन केला नाही म्हणून नातेवाईक कधी कधी चिडतात. पण मेलेला भाग सीटीवर नीट दिसायला तीनेक दिवस जावे लागतात. निदानाबद्दल शंका नसेल, तर घाई करून हाती फारसे लागत नाही.

उपचारांबाबतच्या काही समजुती गेल्या काही वर्षांत उलट्या झाल्या आहेत. दाहामुळे रक्तवाहिन्यांतले पाणी बाहेर झिरपते, म्हणून पूर्वी सलाईन धो धो देत. भारतासह चार देशांतल्या १८ केंद्रांत याची चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. भरमसाट सलाईन दिलेल्यांपैकी २०.५ टक्के रुग्णांच्या अंगात पाणी जास्त झाले, बेताने दिलेल्यांत हे प्रमाण ६.३ टक्के होते. फायदा मात्र दिसला नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. उपाशी ठेवण्याचेही तसेच. “स्वादुपिंडाला विश्रांती” म्हणून आठवडाभर तोंडाला पाण्याचा थेंब न लावण्याचा काळ गेला. सौम्य आजारात भूक लागली आणि उलटी थांबली की मऊ भात, पेज सुरू करतात. गंभीर रुग्णाला नाकातल्या नळीतून अन्न देतात, कारण रिकाम्या आतड्याचे अस्तर दुबळे होते आणि तिथले जंतू रक्तात शिरतात. जंतुसंसर्ग नसताना खबरदारी म्हणून अँटिबायोटिक देऊ नये, हेही आता ठरल्यासारखे आहे.

गंभीर आजारात मृत्यूचा धोका दोनदा डोके वर काढतो. पहिला आठवडा-दोन आठवडे अवयव निकामी होण्याचा, त्यानंतर संसर्गाचा. स्वादुपिंडाभोवती साठलेले साधे पाणी बहुतेकदा आपोआप जिरते. ऊती मेल्या असतील, तर साधारण तिघांपैकी एका रुग्णात त्यात जंतू वाढतात: उतरलेला ताप परत चढतो, भूक जाते, सीटीमध्ये त्या जागी हवेचे बुडबुडे दिसतात. पूर्वी अशा वेळी लगेच पोट उघडून मेलेला भाग काढत, आणि त्यात बरेच रुग्ण हातचे जात. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या ८८ रुग्णांवरच्या चाचणीने दिशा बदलली. आधी बाहेरून फक्त नळी घालून पू काढायचा, गरज पडली तरच पुढची पायरी. मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत ६९ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आली आणि पायरीपायरीने उपचार झालेल्यांपैकी ३५ टक्के रुग्णांचे नळीवरच भागले. आता जमेल तिथे चार आठवडे थांबतात. तोवर मेलेल्या भागाभोवती भिंत तयार होते. मग तोंडावाटे दुर्बीण घालून जठराच्या मागच्या भिंतीतून वाट करतात आणि काळपट करडे तुकडे चिमट्याने एकेक करून जठरात ओढून आणतात. हे काम तासन्‌तास चालते, दोन-तीनदा करावे लागते. मुंबईत ते होते, पण सर्वत्र नाही. म्हणून अवयव निकामी होऊ लागले असतील तर मोठ्या केंद्रात हलवण्याचा निर्णय लवकर घ्यावा. खर्चाने घर कोलमडायची वेळ येते. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात, त्यांना पहिल्याच आठवड्यात भेटावे.

घरी सोडल्यावर आजार संपला असे धरून चालणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. खड्यामुळे झालेल्या सौम्य दाहात पित्ताशय त्याच मुक्कामात काढून टाकावे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत ऑपरेशन पुढे ढकललेल्यांपैकी १७ टक्के रुग्णांना सहा महिन्यांत पुन्हा खड्यांचा त्रास झाला किंवा मृत्यू आला, लगेच केलेल्यांत ५ टक्के. तरी आपल्याकडे “गणपती झाले की बघू” होतेच, आणि कोकणातल्या घरी दुसरा झटका येतो. ऊती मेल्या असतील तर मात्र डॉक्टर स्वतःच थांबायला सांगतात. दारूमुळे दाह झाला असेल तर ती पूर्ण बंद, “फक्त बिअर”सुद्धा नाही. सिगारेट स्वतंत्रपणे नुकसान करते, हे फार थोड्यांना माहीत असते. एका झटक्यानंतर साधारण पाचांतल्या एकाला तो पुन्हा येतो आणि दहांतल्या एकाचा आजार कायमचा जडतो.

सौम्य झटक्यानंतरही मधुमेह होऊ शकतो, म्हणून तीन ते सहा महिन्यांनी साखर तपासावी, पुढे दरवर्षी. वजन उतरत असेल, शौच तेलकट, चिकट होत असेल आणि पाण्याने लवकर वाहून जात नसेल, तर विकरे कमी पडत आहेत. त्यांच्या कॅप्सूल मिळतात. त्या पहिल्या घासाबरोबर घ्याव्या लागतात, मोठ्या जेवणात एखादी मध्येच. हात धुतल्यावर घेतलेली कॅप्सूल अन्नाला गाठत नाही. बरेच रुग्ण ती नेमकी तेव्हाच घेतात, आणि औषध लागू पडत नाही म्हणून बंद करतात.