किरिबासचं पाणी आणि चाळीस पटींचं गणित

हवामान परिषदेचे दिवस आले की ‘बुडणारे देश’ अशा मथळ्यांच्या बातम्या फिरू लागतात. अमुक सालापर्यंत प्रशांत महासागरातली बेटं नकाशावरून पुसली जाणार, असं छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओही सोबत येतात. समुद्राची पातळी वाढते आहे, ते मोजलेलं आहे, त्यात वाद नाही. पण प्रवाळबेटावर माणसाला राहता येईल की नाही, हे समुद्र डोक्यावरून जाण्याच्या खूप आधी ठरतं. ते ठरतं विहिरीच्या तळाशी. यासाठी किरिबाससारखं उदाहरण नाही (आपल्याकडच्या बातम्यांत हा देश बहुधा ‘किरिबाटी’ म्हणून येतो).

देशाची ओळख थोडक्यात. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलेली ३३ बेटं. त्यातलं बानाबा हे समुद्रातून वर उचललं गेलेलं चुनखडीचं बेट, बाकी जवळजवळ सगळी प्रवाळ कंकणद्वीपं, म्हणजे मध्ये खाजण आणि भोवती कड्यासारखी जमीन असलेली बेटं. जमीन सगळी मिळून सुमारे ८११ चौरस किलोमीटर आणि हक्काचा समुद्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर. देशाच्या दोन टोकांना दोन वेगळे वार असू नयेत म्हणून १ जानेवारी १९९५ पासून आंतरराष्ट्रीय वाररेषा पूर्वेकडे वळवून घेतली. १२ जुलै १९७९ रोजी ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळालं. संसद आपल्याच सदस्यांमधून तीन-चार नावं पुढे करते आणि त्यातून जनता थेट राष्ट्राध्यक्ष निवडते. २०१६ पासून तनेती मामाऊ त्या पदावर निवडून आले आहेत. लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे १ लाख २० हजार होती आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक दक्षिण तरावा या चिंचोळ्या पट्टीवर राहतात. हा पट्टा काही ठिकाणी इतका अरुंद आहे की रस्त्यावरून एका बाजूला महासागर आणि दुसऱ्या बाजूला खाजण, दोन्ही दिसतात.

नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. मग इतकी माणसं पितात काय?

पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाली समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतं. शाळेत शिकलेली घनता इथे कामाला येते. गोड्या पाण्याची घनता १.००० धरली तर समुद्राच्या पाण्याची १.०२५. एकाला या दोहोंतल्या फरकाने, म्हणजे ०.०२५ ने भागा. उत्तर येतं ४०. समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी जितकं उभं, त्याच्या चाळीस पट ते खाली उतरलेलं असतं. डच अभियंता बाडोन गायबेन आणि जर्मन अभियंता हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला हे स्वतंत्रपणे मांडलं. बेटाच्या मध्यभागी भूजल समुद्रापेक्षा २५ सेंटिमीटर वर असेल, तर खाली दहा मीटर गोडं पाणी. किनाऱ्याकडे हा साठा पातळ होत जातो, म्हणून त्याचा आकार भिंगासारखा दिसतो आणि त्याला भूजल-भिंग म्हणतात.

हे भिंग स्थिर साठा नाही. पाणी सतत कडेने समुद्रात झिरपत असतं आणि वाळूच्या विरोधामुळे ते सावकाश जातं, एवढंच. पाऊस थांबला की भिंग आपोआप आकसतं. बेट अडीचशे-तीनशे मीटरपेक्षा अरुंद असेल तर भिंग टिकतच नाही. माडांची मुळंही थेट पाण्यापर्यंत पोचलेली असतात आणि एक मोठा माड दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. तरावावर वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटर पाऊस पडत असला तरी मुरणारा हिस्सा निम्म्याच्या आसपासच राहतो.

चाळीस पटींचा हिशेब प्रत्यक्षात मात्र जसाच्या तसा लागू होत नाही, आणि खरी मेख त्यातच आहे. कंकणद्वीप दोन थरांचं असतं. वर गेल्या काही हजार वर्षांत साठलेली वाळू आणि प्रवाळाचा चुरा. खाली, साधारण १५ ते २५ मीटरवर, जुना चुनखडक. हिमयुगात समुद्र सव्वाशे मीटरच्या आसपास खाली गेला होता. तेव्हा हा खडक उघडा पडला आणि पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्याने त्यात पोकळ्या कोरल्या. वरच्या वाळूतून पाणी दिवसाला काही मीटर सरकू शकत असेल, तर खालच्या खडकातून त्याच्या दसपट-शंभरपट सहज. या सीमेला थर्बर विसंगती म्हणतात. गोडं पाणी तिथवर पोचलं की खारटात मिसळून जातं, म्हणून भिंगाची जाडी तिथेच कापली जाते. भरतीचा दाबही बाजूच्या किनाऱ्यावरून कमी आणि या पोकळ खडकातून खालून वर जास्त येतो, त्यामुळे बेटाच्या मधोमध असलेल्या विहिरीची पातळीदेखील भरती-ओहोटीबरोबर हलते. रोजच्या त्या हलण्याने गोड्या आणि खाऱ्या पाण्याची सीमा पुसट होते. मध्ये काही मीटर जाडीचा मचूळ पट्टा तयार होतो. पाण्यात मीठ जितकं जास्त, तितकी त्यातून वीज सहज वाहते, म्हणून खारटपणा विद्युतवाहकतेने मोजतात. तरावावर २५०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा धरली जाते. समुद्राच्या पाण्याची वाहकता पन्नास हजारांच्या घरात असते. म्हणजे समुद्राचा जेमतेम वीसावा हिस्सा मिसळला की ते पाणी वाया गेलं.

आता या भिंगात आपल्यासारखी बोअरवेल मारली तर? पंपाने पाण्याची पातळी दहा सेंटिमीटर खाली ओढली, की त्याच चाळीस पटींच्या हिशेबाने खालचं खारं पाणी चार मीटरपर्यंत वर चढू पाहतं. नळीच्या बरोबर खाली खाऱ्या पाण्याचा शंकू उभा राहतो. पंप बंद केल्यावरही तो लगेच बसत नाही, कारण मिसळलेलं मीठ वेगळं होत नाही. म्हणून तरावावर खोल बोअर घेत नाहीत. भूजल पातळीच्या जेमतेम खाली चर खणतात, त्यात छिद्रं पाडलेले पीव्हीसी पाइप आडवे टाकतात, भोवती खडी भरतात आणि मधल्या विहिरीवर पंप बसवतात. असा एक आडवा पाइप सुमारे ३०० मीटर लांब असतो. तेवढंच पाणी तीनशे मीटरभर पसरून, दुधावरची साय काढावी तसं वरच्या वर काढलं, की पातळी एका जागी फारशी खचत नाही. देखरेखीसाठी वेगवेगळ्या खोलीवर नळ्या सोडलेल्या असतात. प्रत्येक खोलीवरची वाहकता नियमित मोजायची, आणि मचूळ पट्टा वर सरकताना दिसला की त्या भागातला उपसा कमी करायचा.

आपल्याकडे अजूनही तळहातावर नारळ उभा धरून पाणी शोधणारे पाणाडे बोलावले जातात. तरावावर कुठेही खणा, दीड-दोन मीटरवर पाणी लागतंच. ते किती काढायचं हा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर वाहकता-मापकाशिवाय मिळत नाही. कोकण किनाऱ्यावर उपसा वाढून ज्या विहिरी मचूळ झाल्या, तिथेही हाच नियम आहे, आणि लक्षद्वीपच्या भूजलालाही तो लागू आहे.

दक्षिण तरावाचं नळाचं पाणी आग्नेय कोपऱ्यातल्या बोनरिकी आणि शेजारच्या बुओता या दोन भिंगांमधून येतं. सुरक्षित उपसा दोन्ही मिळून दिवसाला दोन हजार घनमीटरच्या आसपास. साठ हजारांवर माणसं धरली तर माणशी तीसेक लिटर, आणि गळतीत त्यातलाही मोठा भाग जातो. या भिंगांवरची, पाण्यासाठी राखून ठेवलेली जमीन मुळात कुटुंबांच्या मालकीची. सरकार तिचं भाडं देतं, पण ज्यांची जमीन गेली त्यांची नाराजी कायम आहे. जागा नाही म्हणून राखीव क्षेत्रात घरं, डुकरांचे गोठे, भाजीचे वाफे सरकत येतात. पाणी दीड मीटरवर असताना वर सांडलेलं सगळं खाली पोचतं. १९७७ साली इथे पटकीची साथ आली. तिच्यानंतर शहरी भागात सांडपाण्याच्या वाहिन्या टाकल्या आणि शौचालयांना समुद्राचंच पाणी सोडलं, म्हणजे गोडं पाणी त्यात वाया जाऊ नये.

बाहेरच्या बेटांवर बाबाई पिकतं. ही आपल्या अळूच्या जातकुळीतली, पण कितीतरी मोठी कंदवर्गीय वनस्पती. ती लावायला भूजलापर्यंत खड्डा खणतात आणि रोपाभोवती केवड्याच्या पानांची बिनबुडाची टोपली रोवून त्यात पालापाचोळा भरत राहतात. मोठ्या लाटेने समुद्राचं पाणी जमिनीवर आलं की आधी या खड्ड्यांत शिरतं. खड्डा म्हणजे भिंगात उघडलेलं दारच. वाळूतलं मीठ धुऊन निघायला पुढच्या पावसाचे कित्येक महिने जातात.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या अंदाजाविरुद्ध आहे. समुद्र अर्धा मीटर वाढला, पण बेटाची रुंदी तीच राहिली, तर भिंगही तरंगत वर येतं आणि त्याची जाडी फारशी घटत नाही. नुकसान होतं ते किनारा झिजून बेट अरुंद झाल्याने, लाटा वारंवार आत आल्याने आणि वर चढलेलं भूजल सखल जागी उघडं पडून त्याची वाफ झाल्याने.

पैशाचा मार्गही याच हवामानाला बांधलेला आहे. बानाबावरचा फॉस्फेट १९७९ मध्ये संपला. त्याच्या उत्पन्नातून १९५६ साली उभारलेला राखीव निधी आजही देशाचा आधार आहे. सरकारी उत्पन्नाचा सर्वात मोठा भाग मात्र परदेशी जहाजांना टूना पकडण्याच्या परवान्यांतून येतो. जहाजांना मासेमारीचे दिवस विकले जातात, प्रशांतमधल्या आठ देशांनी मिळून एका दिवसाची किमान किंमत ८००० अमेरिकन डॉलर ठरवली. एल निनोच्या वर्षी उबदार पाणी पूर्वेकडे सरकतं, त्यासोबत पाऊसही येतो आणि टूनाही. ला निनात दोन्ही पश्चिमेकडे निघून जातात. सलग ला निनानंतर जून २०२२ मध्ये सरकारला दुष्काळामुळे आपत्ती जाहीर करावी लागली.

समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आशियाई विकास बँक, जागतिक बँक आणि हरित हवामान निधी यांच्या मदतीने आखला गेला आहे. मीठ अडवणाऱ्या बारीक पडद्यातून पाणी दाबून ढकलायला वीज लागते, म्हणून त्याला सौरऊर्जेची जोड आहे. त्यासोबत बोनरिकीपासून पश्चिम टोकाच्या बेतियोपर्यंतचे, सुमारे तीस किलोमीटरचे जुने पाइपही बदलावे लागतात. नळ दिवसभर चालू नसतात. पाणी बंद झालं की रिकाम्या पाइपात दाब उतरतो आणि फटींमधून आजूबाजूचं मैलामिश्रित भूजल आत ओढलं जातं. प्रकल्पातून कितीही शुद्ध पाणी निघालं, तरी पाइपात चोवीस तास दाब ठेवल्याशिवाय ते घरात शुद्ध पोचणार नाही.