आमवाताची सूज आणि हृदयाच्या धमन्या

पुण्यातल्या आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांना सूज आणणारा आजार) जुन्या रुग्णाकडे बहुधा दोन फायली सापडतात. एकीत आरए फॅक्टर, ईएसआर, सीआरपी, म्हणजे आमवात आणि शरीरातली सूज तपासणाऱ्या रक्तचाचण्या. दुसरीत ईसीजी आणि लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलसारख्या चरबीची तपासणी. डॉक्टर दोन, दवाखाने दोन. ही फारकत जुनी आहे.

धमन्यांच्या रोगात सुजेचा (दाहाचा) हात असतो, हे रुडॉल्फ फिर्खो यांनी जर्मनीत १८५०च्या दशकातच मांडलं होतं. पण १९१३मध्ये निकोलाय अनिचकोव्ह यांनी रशियात सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्या बिघडवून दाखवल्या, आणि पुढची कित्येक दशकं सगळा दोष चरबीवर गेला. सूज पुन्हा चर्चेत आली ती १९९०च्या दशकात. आमवाताचे रुग्ण इतरांपेक्षा लवकर जातात आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा असतो, हे तोवर पुष्कळदा नोंदलं गेलं होतं. तरी बोटं वाकडी होणं डोळ्यांना दिसतं, धमनी दिसत नाही.

हा रोग दुर्मीळही नाही. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन पाहणी केली, त्यात दर दोनशे प्रौढांमागे साधारण एक आमवाताचा रुग्ण निघाला.

खरी मेख लिपिडच्या रिपोर्टात आहे. सूज भडकलेली असताना कोलेस्टेरॉल उलट कमी येतं, म्हणून रुग्ण निर्धास्त होतो. मेथोट्रेक्सेटसारखं आमवाताचं औषध लागू पडून सकाळचा आखडलेपणा गेला, की आकडा वर चढतो आणि दोष गोळीच्या माथी बसतो. प्रत्यक्षात धोका आधीच्याच काळात जास्त असतो.

२०१७च्या कॅन्टोस चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या, सीआरपी वाढलेल्या दहा हजार लोकांवर फक्त सूज कमी करणारं इंजेक्शन वापरलं गेलं. कोलेस्टेरॉल तेवढंच राहिलं, तरी १५० मिलिग्रॅमच्या डोसला हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. जीवघेणे जंतुसंसर्ग मात्र वाढले. पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेटची तशीच चाचणी फसली. त्यावरून आमवाताच्या रुग्णांनी गोळी सोडायचं काहीच कारण नाही: ती चाचणी हृदयरुग्णांवर होती आणि त्यांची सीआरपी त्या औषधाने उतरलीच नव्हती.

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा, की आमवात असेल तर हृदयविकाराच्या धोक्याचा नेहमीचा हिशेब दीडपट धरावा, आणि लिपिडची तपासणी शक्यतो सूज आटोक्यात आल्यावर करावी.