नाकारलेल्या निविदेचे न्यायिक पुनर्विलोकन (भारत)

सरकारी कंत्राटासाठी भरलेली निविदा अपात्र ठरवली गेल्यास त्या निर्णयाची वैधता न्यायालयाकडून तपासून घेण्याचा मार्ग. शासकीय खाती, महापालिका, महामंडळे आणि सरकारी कंपन्या संविधानाच्या अनुच्छेद १२ प्रमाणे ‘राज्य’ या संज्ञेत येतात. त्यामुळे काम कोणाला द्यायचे हे ठरवतानाही त्यांना अनुच्छेद १४ मधील समतेचे तत्त्व पाळावे लागते. निविदाकार सहसा अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करतो. कंत्राट मिळण्याचा हक्क कोणालाच नाही. सर्वांना एकच मोजमाप लागावे, एवढे मात्र त्याला मागता येते.

या कायद्याचा पाया मुंबई विमानतळावरच्या एका उपाहारगृहाने घातला. ते चालवायला देण्याच्या निविदेत दुसऱ्या श्रेणीचा नोंदणीकृत हॉटेलचालक आणि किमान ५ वर्षांचा अनुभव अशी अट होती. प्राधिकरणाने काम दिले ते कँटीन चालवण्याचा अनुभव असलेल्या, पण या अटीत न बसणाऱ्या व्यक्तीला. रमण दयाराम शेट्टी विरुद्ध भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण (१९७९) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की स्वतः घातलेली अट प्राधिकरणाला ऐनवेळी मोडता येत नाही. ती सैल होणार हे आधी कळले असते, तर इतरांनीही निविदा भरली असती. मात्र याचिका काही महिने उशिरा आली होती आणि तोवर कंत्राटदाराने तिथे बराच खर्च करून ठेवला होता. प्राधिकरणाची कृती चुकीची ठरली, तरी कंत्राट रद्द झाले नाही. नंतरच्या अनेक निकालांत हाच विरोधाभास दिसतो.

न्यायालय किती खोलात जाते, याची मर्यादा टाटा सेल्युलर विरुद्ध भारत सरकार (१९९४) या निकालाने आखली. चार महानगरांतील मोबाइल सेवेच्या परवान्यांचा तो वाद होता. न्यायालय निर्णयाची प्रक्रिया तपासते, निर्णय फिरवून स्वतःचा लादत नाही, हे त्यात ठरले. जगदीश मंडल विरुद्ध ओरिसा राज्य (२००७) मध्ये दोन प्रश्न पुढे आले: प्रक्रिया किंवा निर्णय कुहेतूने, कोणाला झुकते माप देण्यासाठी वा कोणताही जबाबदार अधिकारी करणार नाही इतक्या मनमानीने झाला का? आणि त्यामुळे सार्वजनिक हिताला धक्का लागतो का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर हस्तक्षेप होत नाही.

प्रत्यक्षात बहुतेक भांडणे तांत्रिक लिफाफ्यावर, म्हणजे दर पाहण्याआधी तपासल्या जाणाऱ्या पात्रतेच्या कागदपत्रांवर होतात. बयाणा रक्कम, बँक हमीचा नमुना, अनुभवाचा दाखला, मुखत्यारपत्र असे मुद्दे असतात. पोद्दार स्टील (१९९१) प्रकरणात रेल्वेच्या भंगार विक्रीत बयाणा रक्कम सांगितलेल्या बँकेऐवजी दुसऱ्याच बँकेच्या धनादेशाने भरली होती. अट दुय्यम असल्याने ती शिथिल करण्याची मुभा न्यायालयाने मान्य केली. सेंट्रल कोलफिल्ड्स प्रकरणात (२०१६) मात्र ठरलेल्या नमुन्यात नसलेल्या बँक हमीवरून निविदा नाकारणे योग्य ठरले. वरवर विसंगत वाटले, तरी दोन्हीकडे आपल्या अटीचे वजन ठरवण्याचा निविदा काढणाऱ्याचा अधिकार राखला गेला. नागपूर मेट्रोच्या कामासंबंधी ॲफकॉन्स प्रकरणात (२०१६) तर न्यायालयाने स्पष्टच सांगितले, की निविदेतील शब्दांचा अर्थ ती तयार करणाऱ्यालाच सर्वांत चांगला कळतो. तो अर्थ न्यायालयाला पटला नाही, एवढ्यावरून हस्तक्षेप करता येत नाही. हा कौल जरा जास्तच प्रशासनाकडे झुकतो. संदिग्ध अट लिहिणाऱ्यालाच तिचा लाभ मिळतो.

खरी कसोटी वेळेची. कार्यारंभ आदेश निघून काम सुरू झाले, की याचिकेतला जीव बराचसा जातो. म्हणून निविदाकार धावतो तो अंतरिम स्थगितीसाठी. तीही आता अवघड आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियमातील (करार पाळायला लावणे, मनाई हुकूम देणे अशा उपायांचा कायदा) २०१८ च्या दुरुस्तीने पायाभूत प्रकल्पांना विलंब होईल असे मनाई हुकूम रोखले, आणि एन. जी. प्रोजेक्ट्स (२०२२) निकालाने अशा कामांत स्थगितीऐवजी नुकसानभरपाईचा रस्ता दाखवला.

तरीही निविदाकार कधी कधी जिंकतो. बन्सीधर कन्स्ट्रक्शन विरुद्ध भारत कोकिंग कोल (२०२४) मध्ये एकाची निविदा नाकारताना आणि दुसऱ्याची स्वीकारताना सारखा निकष लावला गेला नव्हता. दुसऱ्याला दिलेले कंत्राट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. याचिकाकर्त्याला मात्र ते थेट मिळाले नाही. कंपनीला नव्याने निविदा काढण्याची मुभा देण्यात आली.